भोंगा बंद झाल्यावर

आमच्या आबांना मी एकदा मारलं. हे आधीच सांगून टाकतो. हे लपवून पुढचं लिहिलं तर ते भाषण होईल, आणि भाषणं आपण चौकाचौकात भरपूर ऐकली आहेत.

साल २०२०, एप्रिल महिना. लॉकडाऊन लागलेला. इंदोऱ्यातली आमची दीड खोली आणि आत सहा माणसं. पहाटे पाचला आबा उठले. पायजमा चढवला, टोपी घातली आणि आजीला म्हणाले, ‘‘डबा दे वं. पहिली पाळी हाये.’’ त्यांची गिरणी बंद पडून अठरा वर्षं झाली होती. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. बाहेर रोग होता, पोलीस होते. आबा म्हणाले, ‘‘सरक बे. भोंगा झाला, तुले आयकू नाही आला?’’ मी म्हणालो, ‘‘कोणता भोंगा आबा? गिरणी कवाचीच बंद झाली. तिथं मॉल हाये आता.’’ ते म्हणाले, ‘‘खोटं बोलते साला,’’ आणि मला ढकलून कडी काढू लागले. हे रोज चाललं होतं. बारा दिवस. तेराव्या दिवशी माझा हात उठला. आबा भिंतीला टेकून खाली बसले. गालावर हात ठेवून आजीला विचारू लागले, ‘‘ह्या मुकादमाले काय झालं वं? मी का उशिरा आलो?’’

ज्यांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा दीक्षाभूमी बघितली, त्यांच्या डोळ्यात मी मुकादम झालो होतो.

मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. दहावी नापास. पुढचं जे काही शिकलो ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि रातपाळीत जागं राहायसाठी मोबाईलवर वाचून. कविता करतो. ह्या विषयावर कविता जमली नाही म्हणून हे सरळ लिहितो आहे.

आबा एम्प्रेस मिलचे. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी. १९८६ साली सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. आबा १९६६ साली बदली कामगार म्हणून लागले, मग रिंग खात्यात कायम झाले. छत्तीस वर्षं. आजी सांगते, भोंग्यावर वस्ती उठायची, भोंग्यावर चूल पेटायची. घड्याळ कोणाकडे होतं? गिरणी बंद झाली तेव्हा आबा छप्पन्न वर्षांचे होते. हातपाय धड होते. काही वर्षं त्यांनी रात्रीची चौकीदारी केली. मग तेही सुटलं आणि ते ओट्यावर बसू लागले. बोलणं कमी झालं. घरचे म्हणायचे, म्हातारा शांत झाला. शांत कसला? आत काही तरी सुटत चाललं होतं.

मग विसरणं सुरू झालं. जेवले की तासाभरानं विचारायचे, आज भात नाही का शिजला? माझ्या बहिणीला तिच्या आत्याच्या नावानं हाक मारायचे. पण १४ ऑक्टोबर १९५६ विचारा. दहा वर्षांचे होते. कोणत्या रस्त्यानं गेले, बापानं कोणती पांढरी टोपी दिली, आईनं फडक्यात किती भाकरी बांधल्या, सगळं सांगायचे. कालचं नाही आणि साठ वर्षांपूर्वीचं लख्ख. आम्हाला वाटायचं, म्हातारा सोंग करतो. सोयीचं तेवढं आठवतो. २०१९ मध्ये एकदा चालत चालत गिरणीच्या जागेपर्यंत गेले. मॉलच्या दारात उभे राहून गेटपास मागू लागले. तिथला सिक्युरिटीवाला भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी पाजलं, खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. मी घ्यायला गेलो तर आबा त्याला सांगत होते, ‘‘माह्या नातवाले बदलीत लावून घ्या साहेब.’’

आम्ही काय केलं? तेच केलं जे सगळे करतात. शेजारी म्हणाले, साठी बुद्धी नाठी. एकानं म्हातारचळ म्हटलं आणि डोळा मारला. एका नातलगानं चोरून कुठल्या बाबाचा अंगारा आणला, आमच्या घरात, जिथं बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. एका डॉक्टरनं दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी आबा आणखी गोंधळले आणि मोरीत पडले. आणि मी? मी ते सांगितलंच.

२०२१ च्या सुरुवातीला वस्तीतली एक ताई घरी आली. ती नर्स आहे. आबांशी अर्धा तास बोलली आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, ‘‘हा आजार आहे रे. म्हातारपण नाही. याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. मेडिकलला घेऊन चल.’’ मेडिकलच्या मानसोपचार विभागात गेलो. रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं, डोक्याचा फोटो काढला. एक जीवनसत्त्व फार कमी निघालं, बी-बारा. डोळ्यात मोतीबिंदू. कान गेलेले. छत्तीस वर्षं रिंग खात्यात, त्या आवाजात, कान राहतील कसे? ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचं जग आधीच अर्धं झालेलं असतं. मेंदू उरलेलं अर्धं भरून काढतो, जुन्या मालानं. मोतीबिंदू काढला, कानाला मशीन बसवली, इंजेक्शनं झाली. आजार गेला नाही, तो जात नाही. पण आबा पुन्हा घास ओळखू लागले, आजीला नावानं हाक मारू लागले. सात-आठ महिने तरी आम्हाला आमचे आबा मिळाले.

त्या ताईनं आणखी एक सांगितलं. म्हणाली, त्यांना खोटं पाडू नकोस. ते म्हणतात पहिली पाळी आहे, तर म्हण, आबा, आज गिरणीले सुट्टी हाये.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा उठले, टोपी घातली. मी म्हणालो, ‘‘आबा, आज सुट्टी हाये गिरणीले.’’ आबा थांबले. माझ्याकडे बघितलं. ‘‘हाव का? बरं सांगतलं लेका,’’ म्हणाले आणि टोपी काढून खुंटीला लावली. चहा मागितला.

दोस्तहो, एवढंच. एक वाक्य. एप्रिल २०२० मध्ये ते वाक्य मला माहीत असतं तर माझा हात उठला नसता. मी वाईट माणूस म्हणून हात उठला असं मला वाटत नाही. मी अडाणी होतो म्हणून उठला. मी हे माफीसाठी म्हणत नाही. अडाणीपणाची किंमत कोण भरतो ते सांगतो आहे. ती आबांनी भरली, गालावर. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले.

त्यानंतर मी वाचत सुटलो. भारतात साठीच्या पुढचे किती जण ह्या आजारात आहेत याचा मोठा अभ्यास २०२३ साली छापून आला. शंभरात सात जण, सगळे मिळून सुमारे ८८ लाख. त्यातही बायका जास्त, खेड्यातले जास्त, आणि न शिकलेले जास्त. हे शेवटचं वाचून मी फ्रेमपाशी थबकलो. दुसरा एक जागतिक आयोग आहे, लॅन्सेट नावाच्या नियतकालिकाचा. त्यानं २०२४ साली ह्या आजाराला हातभार लावणाऱ्या १४ गोष्टी मोजल्या. लहानपणी शाळा न मिळणं, बहिरेपण, नजर जाणं, रक्तदाब, साखर, उदासीचा आजार, एकटं पडणं ह्या त्यातल्या. त्यांचं म्हणणं, ह्या सगळ्या गोष्टी दूर झाल्या तर शंभरातले पंचेचाळीस आजार टाळता किंवा लांबवता येतील.

म्हणजे बघा. ज्याला लहानपणी शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्याला सत्तराव्या वर्षी त्याचं व्याज भरावं लागतं. शाळा नाही म्हणून आवाजाचं काम, आवाजाचं काम म्हणून बहिरेपण, बहिरेपण म्हणून एकटेपण, आणि शेवटी स्वतःचं नाव विसरणं. आणि वर आपणच हसतो, साठी बुद्धी नाठी. बुद्धी आपोआप नाठी होत नाही. तिला कुठून कुठून लुटलंय ते आधी मोजा.

आता आपल्यावर येतो. राग धरू नका. आपण देव फेकले, अंगारे फेकले, भगत हाकलले. बरोबर केलं. पण शरीर दवाखान्यात नेलं आणि मन तसंच रस्त्यावर टाकलं. वस्तीतली एखादी म्हातारी रात्रभर रडते, अंगात मुंग्या येतात म्हणते, आणि चोरून कुठं नवस बोलते, तेव्हा आपण तिला झापतो. ‘‘बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं?’’ ती गप्प होते. आपल्याला वाटतं, प्रबोधन झालं. झालं काय, तर तिचं दुखणं आणखी आत गेलं. तिच्या हातातला अंगारा घ्यायचा असेल तर त्या हातात दुसरं काही तरी द्यावं लागेल. रिकाम्या हाताला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

हे मला कळलं ते आजीमुळे. आबा गेले आणि आजी दुखायला लागली. आज गुडघा, उद्या छाती, परवा डोकं. रात्री दोन वाजल्यापासून टक्क जागी. भाजीत मीठ टाकायला विसरायची. टीव्हीवरची तिची मालिका लावली तरी भिंतीकडे बघायची. एका दुपारी म्हणाली, ‘‘मले काहून नेत नाही रे तुये आबा?’’ माझी माय म्हणाली, म्हाताऱ्या बाया असंच बोलतात. मी आधीचा असतो तर हसून सोडलं असतं. पण मी वाचलं होतं. म्हाताऱ्या माणसाची उदासी बहुतेक वेळा अंगातून बोलते. ‘मी दुःखी आहे’ असं ती म्हणत नाही, गुडघा दुखते म्हणते. आणि मरणाचं बोललं तर टाळायचं नाही. सरळ विचारायचं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट ओझं उतरतं. मी जवळ बसलो. विचारलं, ‘‘आजी, जीव द्यावा असं वाटते का तुले?’’ ती खूप वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘विहिरीपाशी गेली होती एक दिवस. वापस आली.’’ आम्ही शेजारी राहतो, एका खोलीत झोपतो, आणि ती एकटी विहिरीपर्यंत जाऊन आली होती.

तिला मेडिकलला नेलं. गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईनं नीट समजावलं: गोळी लगेच लागत नाही, दोन ते चार आठवडे थांबावं लागते, ह्या गोळीची सवय लागत नाही, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. दीड महिन्यानं एके सकाळी आजी मायवर ओरडली की चहात साखर कमी आहे. माय मोरीत जाऊन आनंदानं रडली.

तेव्हा आम्ही तीन-चार पोरं आणि ती ताई, आम्ही ठरवलं, विहारात हे सांगायचं. फळ्यावर लिहिलं, ‘वृद्धांसाठी मानसिक आरोग्य मार्गदर्शन, रविवार, वंदनेनंतर’. किती आले? एक. तोही पंखा आहे म्हणून. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘आमी का पागल हावो काय?’’ त्यांचंही बरोबर आहे. आपल्या नागपुरात १८६४ सालापासून मनोरुग्णालय आहे आणि त्या चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात. सिटी बसचा कंडक्टरसुद्धा त्याच नावानं ओरडायचा. ज्या आजाराच्या दवाखान्याचं नाव शिवी आहे, तो आजार कोण कबूल करेल?

पुढच्या रविवारी फळा पुसला आणि लिहिलं, ‘ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांची बैठक’. एकोणीस जण आले. बायका बारा. एक गिरणीचा जुना जॉबर म्हणाला, पैसे मिळाले पण सकाळ कुठं घालवायची ते कोणी सांगितलं नाही. एक म्हातारी म्हणाली, सून वाईट नाही, पण दिवसभरात माझ्याशी कोणी एक वाक्य बोलत नाही, जेवली का एवढंच. ताईनं शिकवलं ते साधं होतं: दिवसा झोपू नका, संध्याकाळचा चहा सोडा, रोज ठरल्या वेळी उठा, रोज एका माणसाला भेटा, कान-डोळे-साखर-रक्तदाब तपासा. विसरणं अचानक एक-दोन दिवसांत वाढलं तर घरी बसू नका, लघवीचा संसर्ग किंवा औषधाचा घोळ असू शकतो, तो बरा होतो. आम्ही पोरांनी कागदावर नावं लिहिली आणि कोणाला कोण मेडिकलला नेईल ते वाटून घेतलं.

हे आम्ही काही नवं शोधून काढलं नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. उदासीच्या आजारातले आधी शंभरात जेमतेम ४ जण कुठं तरी मदत घेत होते, दीड वर्षानंतर २७ घेऊ लागले. २०१७ साली ते छापून आलं. ते सगळ्या मोठ्या माणसांसाठी होतं. खास साठीच्या पुढच्यांसाठी गोव्यात झालं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवलेल्या सल्लागारांनी १८१ म्हाताऱ्यांचं पाहिलं. निम्म्यांना झोप कशी सुधारायची, अडचण कशी सोडवायची, सरकारी योजना कशी मिळवायची हे शिकवलं. वर्षभरात त्या ९१ पैकी ४ जणांना मोठी उदासी आली, आणि ज्यांना नेहमीसारखंच सोडलं त्या ९० पैकी १३ जणांना. आफ्रिकेत झिम्बाब्वेची राजधानी हरारे, तिथं २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर आज्या बसतात आणि लोकांचं ऐकतात. पहिल्यांदा १४ आज्या होत्या. तिथल्या शोना भाषेत ह्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपली म्हातारी काय म्हणते? ‘विचार लागला’. काळ्या आजीनं आणि आपल्या आजीनं एकच शब्द शोधला. आपण शिकलेल्यांनी मात्र तो ऐकला नाही.

कायदासुद्धा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चा. सरकारी मानसिक उपचार हा त्यात हक्क म्हणून लिहिला आहे, आणि जातीवरून, धर्मावरून, वर्गावरून भेद करायचा नाही हेही लिहिलं आहे. आजारी माणसाला साखळीनं बांधायला मनाई आहे. १४४१६ ह्या नंबरावर २०२२ पासून फुकट बोलता येतं. हे सगळं कागदावर आहे. कागदावरचं वस्तीत आणणं हे कोणाचं काम? आपण आरक्षणाचा जीआर तोंडपाठ करतो. हा का नाही करत?

कोणी म्हणेल, ही चळवळ नाही, ही समाजसेवा आहे. त्याला एक गोष्ट सांगतो. नकुलपिता नावाचा एक म्हातारा बुद्धाकडे गेला. म्हणाला, मी थकलो, शरीर सारखं आजारी असते, मला काही तरी सांगा. बुद्धानं त्याला असं म्हटलं नाही की तुझं वय झालं, घरी बस, आम्हाला मोठी कामं आहेत. शरीर आजारी असलं तरी मन आजारी होऊ नये असं शिकत राहा, एवढं सांगितलं. मग सारिपुत्तानं बसून त्याला ते उलगडून समजावलं. म्हाताऱ्यासाठी बसणं, समजावणं, हे आपल्याकडं अडीच हजार वर्षांपासूनचं काम आहे. मध्ये आपणच सोडलं.

ज्या माणसांनी छप्पन्न साली देवाचं ओझं उतरवलं, त्यांची पोरं आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. ओट्यावर बसलेली, भिंतीकडे बघणारी. जयंतीला आपण त्यांना पहिल्या रांगेत बसवतो, हार घालतो, फोटो काढतो. तीनशे चौसष्ट दिवस काय?

एवढंच करा. आज घरी गेल्यावर जो कोणी म्हातारा असेल त्याच्या शेजारी बसा. मोबाईल खिशात ठेवा. विचारा, रात्री झोप येते का, जेवण गोड लागते का, कशाचा विचार लागला आहे. आणि त्याला खोटं पाडू नका.

आबांची माफी मागायची राहून गेली. मागितली असती तरी त्यांना कशाची ते आठवलं नसतं. ते म्हणाले असते, जाऊ दे मुकादम, पाळी सुटली. म्हणून दर रविवारी विहाराचा फळा मीच पुसतो आणि मीच लिहितो.

जयभीम.